लसीच्या सुईने खांदा दुखावला तर: अमेरिकेत नुकसानभरपाई कशी मागावी

लस घेतल्यावर दंड दोन-तीन दिवस ठणकतो. तो सगळ्यांचाच ठणकतो आणि चौथ्या दिवशी विसरायलाही होतं. इथे ज्या दुखण्याबद्दल लिहिलं आहे, ते ओसरत नाही. आठवड्याने पाहावं तर हात जेमतेम खांद्याच्या उंचीपर्यंत जातो. पाठीमागे हात नेऊन हूक लावता येत नाही, सीटबेल्ट ओढताना कळ मारते, त्या कुशीवर वळलं की मध्यरात्री जाग येते. अमेरिकेत या इजेला ‘सिरवा’ म्हणतात. ‘शोल्डर इन्ज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन ॲडमिनिस्ट्रेशन’ या लांबलचक नावाचं ते लघुरूप. २१ मार्च २०१७ पासून ही इजा तिथल्या केंद्र सरकारच्या लस-इजांच्या तक्त्यात आहे. तक्त्यातल्या अटी पुऱ्या झाल्या, तर इजा लसीमुळेच झाली असं कायदा गृहीत धरतो. ते वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आज या योजनेत येणाऱ्या अर्जांमध्ये खांद्याचेच अर्ज सर्वाधिक असतात, आणि तरीही अनेकांना आपल्याला असा हक्क आहे हे मुदत संपल्यावर कळतं. म्हणून हा सगळा मजकूर.

इजा होते कशी, हे थोडक्यात समजून घ्या, कारण डॉक्टरांशी बोलताना ते कामाला येतं. खांद्याच्या टोकाशी जे हाड बोटांना लागतं, ते ॲक्रोमिअन. सुई त्या हाडाच्या दोन ते तीन बोटं खाली, डेल्टॉइड स्नायूच्या जाड भागात, काटकोनात जायला हवी. ती फार वर टोचली गेली, किंवा बारीक अंगाच्या माणसाला लांब सुई वापरली, तर औषध स्नायूत न राहता त्याच्या खालच्या बर्सा नावाच्या पिशवीत किंवा रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या, तंतूंपाशी जातं. लसीचं कामच शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणं. ते सांध्यापाशी झालं की तिथे दाह सुरू होतो आणि महिनोन्महिने टिकतो. ६० किलोच्या आतल्या प्रौढाला एक इंची सुई पुरते. दीड इंची सुई ९० किलोंवरच्या स्त्रिया आणि ११८ किलोंवरचे पुरुष यांच्यासाठी असते. नेहमी होणारी चूक अगदी साधी आहे: बाही वर न गुंडाळता कॉलर बाजूला ओढून खांद्याचा वरचा भाग उघडा केला जातो. माणूस खुर्चीत बसलेला, टोचणारा उभा. अशाने सुई आपसूकच वर लागते. म्हणजे दोष बहुतेक वेळा टोचण्याच्या जागेत असतो. पुढच्या लसी घेणं थांबवण्याचं ते कारण नाही. डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दंडात, योग्य जागी घ्याव्यात.

दावा कुणावर, कुठे

ज्याने सुई टोचली त्याच्यावर हा दावा नसतो. १९८६ च्या राष्ट्रीय बाल-लस इजा कायद्याने एक योजना उभी केली. ती १ ऑक्टोबर १९८८ पासून चालू आहे आणि व्हीआयसीपी (‘व्हॅक्सिन इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम’) या नावाने ओळखली जाते. नावात बालकं असली तरी प्रौढांनाही ती लागू आहे. प्रत्येक डोसवर, तो जितक्या रोगांपासून संरक्षण देतो त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट असा कर बसतो, आणि त्या पैशाच्या निधीतून भरपाई दिली जाते. अर्ज वॉशिंग्टन डीसीमधल्या ‘यू. एस. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये करायचा. समोरचा पक्ष म्हणजे केंद्रीय आरोग्य खात्याचे सचिव, आणि त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. निकाल स्पेशल मास्टर, म्हणजे या दाव्यांसाठी कोर्टाने नेमलेले निर्णय-अधिकारी, देतात. ज्युरी नसते. नर्सचा किंवा फार्मासिस्टचा निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही, आणि ओळखीच्या फार्मसीतल्या माणसाची नोकरी जाईल या भीतीने अर्ज टाळायचंही कारण नाही. उलट, या योजनेतल्या लसीसाठी आधी इथे अर्ज न करता लस देणाऱ्यावर किंवा बनवणाऱ्या कंपनीवर १,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा दिवाणी दावा लावताच येत नाही.

आधी चार गोष्टी तपासा

पहिली, लस कोणती होती. फ्लू, टिटॅनस असलेली टीडॅप किंवा टीडी, हिपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही, मेनिंजोकॉकल, न्यूमोकॉकल कॉन्जुगेट या लसी योजनेत येतात. नाकात फवारायची फ्लूची लस अर्थातच खांद्याच्या दाव्यात बसत नाही. लस स्नायूत टोचलेली हवी. नागिणीची लस योजनेत नाही. ज्येष्ठांना दिली जाणारी २३ प्रकारांची न्यूमोकॉकल पॉलिसॅकराइड लस नाही. टायफॉइड, रेबीज, पीतज्वर या लसीही नाहीत. त्यांच्यासाठी राज्याच्या कायद्याखाली वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा हा मार्ग उरतो. त्याची मुदत राज्याराज्यात वेगळी आणि बऱ्याचदा कमी असते, म्हणून तिथे वकील लगेच गाठावा.

कोव्हिडच्या लसीसाठी सीआयसीपी ही वेगळीच योजना आहे. तिथे लस घेतल्याच्या तारखेपासून अवघ्या एका वर्षात अर्ज करावा लागतो. वेदनेपोटी पैसे मिळत नाहीत, वकिलाची फी मिळत नाही. इतर कुठून न मिळालेला औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेलं उत्पन्न एवढ्यापुरतीच ती आहे.

इथे एक गुंता हमखास होतो. शरद ऋतूत लोक एकाच फेरीत फ्लू आणि कोव्हिड, किंवा फ्लू आणि नागिणीची लस घेतात. एक डाव्या दंडात, एक उजव्या. दुखतोय त्या दंडात नेमकी कोणती टोचली, यावर तुमचा दावा कुठल्या योजनेत जाणार हे ठरतं. ‘दोन्ही एकाच दिवशी घेतल्या’ एवढं सांगून भागत नाही. फार्मसीचा कागद आधी हातात घ्या.

दुसरी, लस कुठे घेतली. काही मोजके अपवाद सोडले तर ती अमेरिकेत किंवा तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशात घेतलेली हवी. अर्जदार अमेरिकन नागरिकच असला पाहिजे अशी अट नाही. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनी तिथल्या फार्मसीत फ्लूची लस घेतली आणि खांदा धरला, तर तेही अर्ज करू शकतात. परत आल्यावर मायदेशी घेतलेल्या उपचारांच्या नोंदी जोडता येतात. मात्र त्या तारीख, सही आणि शिक्क्यासह, इंग्रजीत घ्याव्यात. फिजिओथेरपीची नुसती बिलं पुरत नाहीत. प्रत्येक भेटीत हात किती उचलला गेला याची नोंद मागून घ्या.

तिसरी, मुदत. पहिलं लक्षण दिसल्यापासून ३६ महिने. निदान झाल्यापासून नव्हे, लसीशी संबंध लक्षात आल्यापासूनही नव्हे. २०११ मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने क्लोअर खटल्यात हे पक्कं केलं. १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री दुखायला लागलं असेल, तर १० ऑक्टोबर २०२७ पर्यंत अर्ज कोर्टात दाखल झालेला हवा. मुदतीला माफी मिळण्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत. कागद गोळा करायलाच चार-सहा महिने जातात, म्हणून दोन वर्षं उलटली असतील तर आजच हालचाल करा.

चौथी, इजा किती टिकली. लस घेतल्यापासून सहा महिन्यांहून अधिक काळ त्रास राहिलेला असावा लागतो. याला पर्याय एकच: इस्पितळात भरती होऊन शस्त्रक्रिया. इथे बरेच जण फसतात. खांद्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया बहुधा त्याच दिवशी घरी सोडण्याची असते. भरती न होता झालेली शस्त्रक्रिया या पर्यायात बसत नाही, तेव्हा सहा महिन्यांचा पुरावा लागतोच.

तक्त्याच्या चार अटी

अर्ज तक्त्यात बसवायचा तर चारही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. त्या खांद्याला लसीआधी असा आजार नसावा की ज्याने आताच्या तक्रारीचा उलगडा होईल. दुखणं लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं. दुखणं आणि हालचाल कमी होणं हे लस टोचलेल्या खांद्यापुरतंच असावं. आणि या लक्षणांचं दुसरं कुठलं कारण, उदाहरणार्थ मानेतल्या नसेवरचा दाब किंवा इतर मज्जातंतूचा विकार, सापडलेलं नसावं.

दुसऱ्या अटीत आणि तिसऱ्या अटीत बहुतेक दावे अडकतात. मानेपर्यंत कळ जाते, बोटांना मुंग्या येतात असं नोंदींमध्ये दिसलं की सरकारी पक्ष तिसरी अट पुढे करतो. खांदा आखडला की माणूस मान वाकडी धरतो आणि मानेचे स्नायू आपोआप दुखू लागतात. हे खरं असेल तर ते डॉक्टरांकडून कारणासह लिहून घ्यावं: मूळ दुखणं खांद्याचं, मानेचं दुखणं हात वाचवण्यामुळे आलेलं. एमआरआयमध्ये रोटेटर कफची झीज दिसली म्हणजे दावा बुडाला असं नाही. पन्नाशीच्या कित्येकांच्या खांद्यात ती दिसते आणि त्यांना काही त्रास नसतो. प्रश्न असा असतो की लसीआधी दुखत होतं का. मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडण्याचा आजार, मुळातच जास्त होतो. अशा अर्जदारांच्या बाबतीत हा मुद्दा येणार हे धरूनच चालावं.

चार अटींपैकी एखादी पुरी होत नसेल तरी रस्ता बंद होत नाही. तक्त्याबाहेरचा दावा करता येतो. पण मग लसीमुळेच इजा झाली हे २००५ च्या आल्थन निकालातल्या तीन कसोट्यांवर सिद्ध करावं लागतं: वैद्यकीयदृष्ट्या पटणारी कारणमीमांसा, लस आणि इजा यांतला तर्कसंगत क्रम, आणि दोन्हींमधलं योग्य कालांतर. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल लागतो आणि वेळही वाढतो.

पहिल्या डॉक्टरांची नोंद

सगळ्या कागदांमध्ये सर्वांत वजनदार कागद म्हणजे लसीनंतर खांद्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलात त्या दिवसाची नोंद. दोन वर्षांनी स्पेशल मास्टर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतात. तुमचं प्रतिज्ञापत्र त्यानंतर येतं.

होतं असं की डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ आणि आपण म्हणतो, ‘खांदा दुखतोय, महिनाभर झाला असेल.’ लस घेऊन सात आठवडे झालेले असतात. संगणकात टाइप होतं: ‘खांदेदुखी, एक महिन्यापासून, इजेचा इतिहास नाही.’ माणूस खोटं बोललेला नसतो. त्याने अंदाजे सांगितलेलं असतं. पण कागदावर दुखणं लसीनंतर तीन आठवड्यांनी सुरू झालेलं दिसतं आणि ४८ तासांची अट तिथेच अडते.

म्हणून दवाखान्यात शिरण्याआधी एका चिठ्ठीवर असं लिहून न्या आणि तेच वाचून दाखवा: ‘१० ऑक्टोबरला दुपारी फार्मसीत डाव्या दंडात फ्लूची लस घेतली. त्याच रात्री झोपताना खांदा दुखू लागला. तेव्हापासून थांबलेला नाही. आता हात खांद्याच्या वर जात नाही. याआधी या खांद्याला कधी त्रास नव्हता.’ तारीख, बाजू, लस, दुखणं सुरू झाल्याची वेळ, आताची अडचण, पूर्वीची स्थिती. यातलं काही खरं नसेल तर ते अर्थातच सांगू नका. लसीच्या दिवशी सकाळी बागेत कुदळ मारली असेल, तर तेही सांगा. लपवलेली गोष्ट नंतर फिजिओथेरपिस्टच्या नोंदीत सापडते तेव्हा सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो.

भेट झाल्यावर रुग्णांसाठीच्या पोर्टलवर त्या दिवशीची नोंद उघडून वाचा. बाजू चुकली असेल, तारीख चुकली असेल, तर लगेच पोर्टलवरच संदेश पाठवून दुरुस्ती मागा. तो संदेशही नंतर पुरावा ठरतो. दोन वर्षांनी वकिलाने मागितलेल्या दुरुस्तीला तेवढं वजन येत नाही.

हात किती अंशांपर्यंत उचलला जातो, तो कोन डॉक्टरांना मोजायला सांगा. निरोगी हात समोरून आणि बाजूने साधारण १८० अंशांपर्यंत वर जातो. ‘हालचाल कमी आहे’ आणि ‘बाजूने ७० अंश, पुढून ९५ अंश, हात पाठीमागे फक्त कमरेपर्यंत’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तक्त्याची अट दुखण्यासोबत हालचाल कमी होण्याचीही आहे. नुसतं दुखणं नोंदलं गेलं आणि कोन कुणी मोजलाच नाही, तर खरा त्रास असूनही दावा लंगडा पडतो.

लवकर जा. घरचं काम, मुलांच्या शाळा, ‘जाईल आपोआप’ म्हणून थांबणं, यात तीन-चार महिने निघून जातात. मधल्या काळात दाताला, डोळ्याला, रक्तदाबाच्या तपासणीला गेला असाल आणि तिथे खांद्याचा उल्लेखच नसेल, तर सरकारी वकील त्या भेटी एकेक करून दाखवतात. अशाने दावा संपतोच असं नाही. नोंदीत उल्लेख राहून गेला किंवा चुकीचा झाला तरी दुखणं ठरलेल्या वेळेतच सुरू झालं असं मानण्याचा अधिकार कायद्याने स्पेशल मास्टरांना दिला आहे. मात्र त्यासाठी दुसरे पुरावे भक्कम लागतात.

सहा महिन्यांच्या अटीचंही असंच. फिजिओथेरपी चौथ्या महिन्यात थांबली आणि शेवटच्या नोंदीत ‘उद्दिष्टं साध्य’ असं लिहिलं गेलं, तर पुढचा त्रास कागदावर उरत नाही. दुखणं शिल्लक असेल तर सहा महिन्यांनंतर डॉक्टरांना एकदा तरी दाखवा आणि उरलेला त्रास नोंदवून घ्या. दुखत नसताना तारीख गाठण्यासाठी जाऊ नका. तशी भेट कोनाच्या आकड्यांवरून लगेच उघडी पडते.

कागद गोळा करणं

लस दिल्याची नोंद पहिली मागवा. लसीची तारीख, कंपनी, लॉट नंबर, देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि पत्ता लिहून ठेवणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्या दंडात, हे मात्र त्या यादीत नाही. बहुतेक ठिकाणी ते लिहितात, पण कसं लिहितात ते पाहा. फार्मसीच्या संगणकात डावा दंड आधीच निवडलेला असू शकतो. घाईत तो कुणी बदलत नाही, आणि उजवा खांदा घेऊन बसलेल्या माणसाच्या कागदावर ‘एल डी’, म्हणजे लेफ्ट डेल्टॉइड, असं छापून येतं. तसं झालं असेल तर खचू नका. पहिल्या भेटीपासून प्रत्येक डॉक्टरांना सातत्याने उजवाच हात सांगितलेला असेल, तर स्पेशल मास्टर त्या नोंदींना वजन देतात. फार्मसीकडून संगणकाच्या पावतीबरोबरच तुम्ही सही केलेला संमतीचा मूळ फॉर्मही मागा. त्यावर हाताने केलेली खूण वेगळी असू शकते.

पुढे: लसीआधीच्या तीन वर्षांच्या सगळ्या वैद्यकीय नोंदी, लसीनंतरच्या आजपर्यंतच्या सगळ्या, फिजिओथेरपीची प्रत्येक भेट, एक्स-रे, अल्ट्रासाउंड आणि एमआरआयचे अहवाल, कॉर्टिसोनच्या इंजेक्शनांच्या नोंदी, शस्त्रक्रियेची टिपणं. ‘सगळ्या’ म्हणजे सगळ्या. कायरोप्रॅक्टर, ॲक्युपंक्चर, अर्जंट केअर, ऑफिसातली नर्स. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत त्याच खांद्याची तक्रार असेल तर ती तुमच्या वकिलाला तुमच्याकडून आधी कळू दे. हिपा या वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे आणि दवाखान्याने साधारण ३० दिवसांत त्या द्याव्या लागतात. एकदा आणखी ३० दिवस वाढवून घेता येतात. ‘सारांश’ नको, ‘पूर्ण चार्ट’ हवा असं स्पष्ट लिहा.

व्हेअर्स या लसींच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे इजा कळवता येते, कळवावीही, कारण लसींच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवायला ती माहिती लागते. पण ते कळवणं म्हणजे भरपाईचा अर्ज नव्हे, आणि त्याने ३६ महिन्यांचं घड्याळ थांबत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी याच समजुतीत राहून मुदत घालवतं.

प्रतिज्ञापत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. ‘मला असह्य वेदना झाल्या’ यापेक्षा ‘लसीच्या दुसऱ्या सकाळी डाव्या हाताने कुकरचं झाकण उचलता आलं नाही, मुलीने उचललं’ हे वाक्य जास्त सांगतं. त्या मुलीचंही छोटं प्रतिज्ञापत्र घ्या. तिने काय पाहिलं, केव्हा पाहिलं, तो दिवस तिला कशामुळे आठवतो. लसीनंतरच्या दिवसांतले मोबाइलवरचे संदेश शोधा. ‘काल लस घेतली, हात उचलत नाहीये’ असा तारखेसह एक संदेश मोलाचा असतो. खोटं असल्यास शिक्षेस पात्र राहीन अशा ठरावीक वाक्याखाली सही केली की पुरतं. नोटरीकडे जावंच लागतं असं नाही.

वकील

वकील घ्यायचा तर तो या कोर्टात काम करण्याची नोंदणी असलेला लागतो, पण तुमच्याच राज्यातला असायला हवा असं नाही. सगळं काम फोन, ईमेल आणि कोर्टाच्या ऑनलाइन यंत्रणेवर चालतं. अशा वकिलांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर आहे. त्यांची फी योजनेच्या निधीतून, तुमच्या रकमेव्यतिरिक्त दिली जाते. दावा हरला तरी, तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर, फी मंजूर होऊ शकते. या कामासाठी अर्जदाराकडून टक्केवारी किंवा वेगळी फी घ्यायला कायद्याने मनाई आहे. कुणी ‘मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा’ म्हणालं, तर तिथून उठा.

वकिलाशिवाय अर्ज करता येतो, आणि स्पेशल मास्टर अशा अर्जदारांशी समजुतीने वागतात. पुराव्याचा भार मात्र तेवढाच राहतो. वकिलाचा खर्च तुमच्या खिशातून जाणार नसताना एकट्याने जाण्यात आम्हाला तरी काही शहाणपण दिसत नाही.

अर्ज आणि त्यानंतर

अर्जात लसीची तारीख, ठिकाण, लसीचं नाव, टोचलेला दंड, दुखणं केव्हा सुरू झालं, सहा महिन्यांहून अधिक टिकलं हे विधान, तक्त्यातली इजा आहे की तक्त्याबाहेरची, आणि याच इजेसाठी आधी दिवाणी दाव्यात पैसे घेतलेले नाहीत हे विधान, एवढं हवं. प्रत्येक वाक्यासमोर पुराव्याचा क्रमांक आणि पान द्या. कोर्टाची फी ४०५ डॉलर. ती नंतर खर्चात मागता येते. एक प्रत आरोग्य खात्याच्या सचिवांना पाठवावी लागते.

अर्ज दाखल झाला की आधी कागद पुरे आहेत का ते पाहिलं जातं, आणि अपुरे असतील तर गाडी तिथेच अडते. मग खांद्याचे बहुतेक दावे स्पेशल प्रोसेसिंग युनिटकडे जातात. तिथे तडजोडीने लवकर मिटण्याजोगी प्रकरणं हाताळतात. आरोग्य खात्याचे डॉक्टर नोंदी वाचतात आणि सरकारी पक्ष आपला अहवाल देतो: हक्क मान्य, किंवा अमुक अटीवर हरकत. मान्य असेल तर प्रश्न फक्त रकमेचा उरतो. हरकत असेल तर अनेकदा स्पेशल मास्टर कागदांवरूनच निर्णय देतात. साक्षीसाठी प्रत्येकाला बोलावत नाहीत. दोन-तीन वर्षं लागतील असं धरून चाला.

या काळात उपचार चालू असतील तर नव्या नोंदी देत राहा. आणि समाजमाध्यमांवर जपून. बॅडमिंटन खेळतानाचा जुना फोटो नव्या तारखेला टाकलात, तर त्याचा खुलासा करत बसावं लागेल.

तक्ता बदलू शकतो हेही ध्यानात ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये सिरवा तक्त्यातून काढण्याचा नियम जाहीर झाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो रद्द झाला. बदल झालाच तर तो पुढे दाखल होणाऱ्या अर्जांना लागतो. लवकर अर्ज करण्याचं हेही एक कारण.

रक्कम

वेदनेपोटी मिळणाऱ्या रकमेला २,५०,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे, झालेली आणि पुढे होणारी वेदना धरून. खांद्याच्या दाव्यांत शस्त्रक्रिया नसेल तर रक्कम साधारणपणे दहा हजारांच्या पटीत, एक लाख डॉलरच्या आत असते. शस्त्रक्रिया झाली असेल तर लाखाच्या वर जाणं नवल नाही. स्पेशल मास्टर तीन गोष्टी पाहतात: अर्जदाराला वेदनेची जाणीव किती, तीव्रता किती, काळ किती. तीव्रता ठरवताना दहापैकी किती दुखतं हा आकडा, कोन, इंजेक्शनं किती घेतली, फिजिओथेरपीच्या भेटी किती, उपचार सलग होते की मध्ये खंड, असं सगळं मोजतात. म्हणूनच डॉक्टर विचारतात तेव्हा ‘चाललंय’ असं म्हणू नका. सोशिकपणा नोंदीत उतरला की दुखणं सौम्य होतं असं वाचलं जातं.

खिशातून गेलेला खर्च वेगळा मिळतो: को-पे आणि डिडक्टिबल (विमा असूनही रुग्णाने स्वतः भरायचा वाटा), औषधं, दवाखान्यापर्यंतच्या प्रवासाचे मैल. पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाकत जा. विम्याने भरलेली रक्कम पुन्हा मागता येत नाही. मेडिकेड या कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी विम्याने खर्च केला असेल तर तो आधीच वकिलाला सांगा, म्हणजे त्याची परतफेड हिशेबात धरली जाईल. बुडालेल्या पगारासाठी डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वार्षिक पगार-कराचा फॉर्म), पगारपत्रकं, करविवरणपत्रं आणि मालकाचं पत्र लागतं; स्वतःचा व्यवसाय असेल तर काही वर्षांची विवरणपत्रं, इजेच्या आधीची आणि नंतरची. दंडात्मक भरपाई या योजनेत नाही.

निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांत त्याच कोर्टाच्या न्यायाधीशांकडे फेरविचार मागता येतो. मान्य असेल आणि दोन्ही पक्षांनी फेरविचार मागणार नाही असं लिहून दिलं, तर ते ३० दिवस वाचतात आणि पैशाची प्रक्रिया लवकर सुरू होते. निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर जाहीर होतो. त्यात तुमचं नाव असतं आणि आजाराचा तपशीलही. काही खाजगी वैद्यकीय मजकूर झाकायचा असेल तर निकालानंतर १४ दिवसांत तशी विनंती करावी लागते. ज्यांना नावाचीच अडचण वाटते त्यांनी हे अर्ज दाखल होण्याआधीच वकिलाशी बोलून घ्यावं, कारण खटल्याच्या शीर्षकातच अर्जदाराचं नाव छापलं जातं.